दाजी, ती फायनल झालीच नव्हती

तुमच्या बाराव्याच्या जेवणाला मांडवात भांडण झालं, दाजी. तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात, म्हणून आधी तेच सांगते. अक्का आत बायकांत बसली होती आणि मी वाढायला होते. पुरुषांच्या पंगतीत दोघेजण आमटीच्या वाट्या बाजूला सारून एकमेकांसमोर बोटं नाचवत होते. विषय काय, तर पिंपळ तालीम आणि विहीर तालीम यांच्या फायनलमध्ये आमच्या पिंपळच्या दिल्यानं मारलेला गोल ऑफसाइड होता की नव्हता.

"मी सोत्ता हुतो की ग्राउंडात," एक म्हणाला. "हातभर म्होरं हुता दिल्या."

"हातभर? आरं, गोलकीपर धरून दोघं त्येच्या म्होरं हुतं! डोळं कुठं ठेवलंतंस?"

भाताचं पातेलं धरून मी तिथंच उभी राहिले. दाजी, ती फायनल झालीच नव्हती. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या दोघांतला एक तर त्या वर्षी शाळेतसुद्धा जात नसेल. मी भात वाढला आणि पुढच्या पानाकडं गेले.

लोक येऊन तुमच्याबद्दल बरंच बोलून गेले. शिस्तीचा माणूस, शिरोलीच्या फाउंड्रीत कधी एक खाडा नाही, मैदानावर कधी कुणाला भ्याला नाही. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला माणसं आहेत. मला तुमच्याशी वेगळं बोलायचंय. अक्का आता जरा झोपली आहे आणि घर पहिल्यांदाच शांत आहे.

तुमच्याशी माझं नातं मेव्हणीचं, म्हणजे थट्टेचं. पण ही थट्टा वर्षातले निम्मेच महिने चालायची. दुसऱ्या गावात हंगाम म्हटलं की ऊस नाहीतर आंबा. आपल्या कोल्हापुरातल्या पेठेत हंगाम म्हणजे फुटबॉल, आणि फुटबॉलचे संघ तालमींचे. दिवाळीचे कंदील उतरले की पिंपळ तालमीवर झेंडा चढायचा आणि पाऊस येईपर्यंत आमच्या गल्लीला दुसरा विषय नसायचा. आणि झेंडा चढला की तुम्ही सासुरवाडीला यायचं बंद. तुम्ही पंच. आमचं घर तालमीच्या दारात. अक्का एकटी यायची, डबा घेऊन यायची, डबा घेऊन जायची, आणि तुम्ही त्या डब्यातलं खाता की नाही याचीही गल्लीला शंका होती.

माझा साखरपुडा नेमका हंगामात आला. नवऱ्याकडची मंडळी पेठ वडगावची. त्यांनी बघितलं, थोरला जावई गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून उभा आहे आणि आत यायला तयार नाही. त्यांना वाटलं, रुसलाय. माझे होणारे सासरे स्वतः उठले, खांद्यावरचा टॉवेल सावरला आणि तुमची समजूत काढायला गेले. तुम्ही त्यांना हात जोडून म्हणालात, "पावणं, रुसवा न्हाय. शनिवारी ह्यांच्या तालमीची मॅच माझ्याकडं हाय. पाण्याचा घोट जरी घेतला तरी विहीरवाली म्हणणार, पंचानं जावयाचा मान घेतला." सासरे परत आले ते गंभीर चेहऱ्यानं. हे घराणं जरा वेगळंच दिसतंय, असं त्या दिवशी त्यांच्या मनात आलं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत मला ऐकवलं.

शनिवारी तुम्ही आमच्याविरुद्ध पेनल्टी दिलीत. मी बायकांच्या पायऱ्यांवरून तुमच्या नावानं ओरडले, घसा बसेपर्यंत ओरडले. तुम्ही मान वळवली नाहीत. मैदानात उतरलात की आम्ही तुमचे कोणी नव्हतो, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. घरात फुटबॉल कळणारं एकच माणूस, आणि फुटबॉलच्या दिवसांत त्याच माणसाशी बोलायची चोरी. आई म्हणायची, "जाऊ दे गं, पाऊस पडला की येत्यात." पाऊस पडल्यावर तुम्ही यायचात, पण तोवर सगळ्या मॅचेस शिळ्या झालेल्या असायच्या.

मग ते वर्ष आलं. लग्न झालं तरी माझं बिऱ्हाड पेठेतच होतं. तुमच्या मानधनाचं, दुखापतीच्या खर्चाचं रडगाणं आम्ही आधीपासून ऐकत होतो आणि कानाआड करत होतो. पण संप झाला तो ताडपत्रीवरून. पंचांना कपडे बदलायला खोली नव्हती. पाण्याच्या टाकीमागं, लिंबाच्या झाडाला एक ताडपत्री बांधलेली असायची आणि तिच्याआड तुम्ही तिघे काळे कपडे चढवायचात, उतरवायचात. सेमी फायनल संपली, निकाल कुणाला तरी पटला नाही, आणि कुणीतरी ती ताडपत्री ओढली. त्या वेळी मी बायकांच्या जिन्यात गर्दीत अडकले होते. मला काहीच दिसलं नाही. फक्त हसणं ऐकू आलं, सगळ्या स्टँडाचं एकदम हसणं. कशाला हसतायत म्हणून मी शेजारणीला विचारत होते. घरी पोचल्यावर अक्कानं सांगितलं आणि मग मी अक्काकडं बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी पंचांनी कळवलं, चार भिंती, एक दार आणि आतून कडी मिळेपर्यंत कोल्हापुरात शिट्टी वाजणार नाही. फायनल तोंडावर होती.

आधी सगळ्यांनी चेष्टा केली. "जातील कुठं? शिट्टी मारल्याबिगर झोप यील व्हय त्यास्नी?" तालमीच्या कट्ट्यावर असंच चाललं होतं. मग चेष्टा ओसरली आणि शिव्या सुरू झाल्या. असोसिएशनला शिव्या, पंचांना शिव्या, ताडपत्री ओढणाऱ्याला मात्र कुणी नाव घेऊन शिवी देईना, कारण ज्याला त्याला भीती, तो आपल्यातलाच निघायचा. काहींनी शपथा घेतल्या, आता ह्या ग्राउंडावर पाय ठेवणार न्हाय, हाकी बघू, कुस्ती बघू. त्यांनी कुस्ती बघितली आणि घरी येऊन बायकांवर चिडचिड केली.

मग शहाण्यांच्या डोक्यात आलं, पंच नसले तर नसू देत, आपल्या तालमीचे वस्ताद आहेत की! सगळ्या गावात ज्यांच्या शब्दाला मान, असा माणूस. दोन्ही तालमींनी मान्य केलं आणि शाळेच्या मैदानावर दोस्तीची मॅच लावली. वस्तादांनी आयुष्यभर कुस्ती शिकवली होती. खेळ सुरू झाला, दिल्या बॉल घेऊन सुटला, विहीरवाल्यांच्या गड्यानं त्याला मागून पायात पाय घालून असा आपटला की धुरळा उडाला. आम्ही सगळे फाउल फाउल म्हणून उभे राहिलो. वस्ताद धावत गेले, त्या विहीरवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास! काय डाव टाकलायस!" मॅच तिथंच मोडली. तुम्हाला हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की चहा नाकात गेला.

त्यानंतर मात्र गावावर एक विचित्र सुस्ती आली. उन्हं कलायला लागली की पुरुष उगीच घरातून बाहेर, बाहेरून घरात करायचे. आई म्हणायची, "ह्यास्नी ह्या वेळंला घरात बघायची सवय न्हाय. पायात येत्यात नुसतं." आणि मग एकेक करून ते मैदानावरच जायला लागले. मैदान काही बंद नव्हतं. खेळ नव्हता, एवढंच. माणसं येऊन आपापल्या ठरलेल्या पायरीवर बसायची, पिंपळवाले डावीकडं, विहीरवाले उजवीकडं. मधली आमची बायकांची जागा. शेंगावाला यायचा. सगळे समोर बघत बसायचे. समोर गवत, आणि गवतात कुणाची तरी एक म्हैस.

ती म्हैस एकदा चरत चरत गोलपोस्टापाशी गेली. वरून कुणीतरी ओरडलं, "ऑफसाइड!" सगळा स्टँड हसला. कितीतरी दिवसांनी हसला. हसणं थांबलं आणि विहीर तालमीचा बाळूअण्णा, एवढा मोठा दूधवाला माणूस, अगदी सहज म्हणाला, "बॉल आमच्या गोलकीपरकडं हाय."

मग आमच्या बाजूनं एकजण म्हणाला, "मारू दे की मग."

"मारला."

"आमच्या हाफबॅकनं घ्येतला. छातीवर."

असं ते सुरू झालं. न ठरवता झालं. फायनल नव्हती म्हणून माणसांनी ती तोंडानं खेळायला घेतली. त्याचे नियम कुणी केले नाहीत, पण ते सगळ्यांना कळले. समोरच्यानं पटण्यासारखं सांगून बॉल काढून घेईपर्यंत तो आपला. आणि जो खेळाडू जे करू शकत नाही ते त्याच्या नावावर सांगायचं नाही. "दिल्यानं डाव्या पायानं मारला," असं कुणी म्हटलं की आमचेच लोक म्हणायचे, "डावा पाय न्हाय चालत त्येचा, खोटं कशाला बोलायचं?" आणि बॉल विहीरवाल्यांकडं जायचा. खऱ्या मॅचला आई-बहिणीवरून भांडणारी माणसं इथं इतकी इमानदार कशी झाली, मला आजही कळलेलं नाही. अंधार पडला की उठायचं. दुसऱ्या दिवशी बॉल जिथं होता तिथून पुढं.

त्या संध्याकाळी मला अजून स्वप्नात येतात. ऊन पिवळं होत जायचं, माणसं हळू आवाजात बोलायची आणि सगळ्यांच्या माना एकदम डावीकडून उजवीकडं वळायच्या. मी तुम्हाला सांगते दाजी, बॉल दिसायचा. उडताना दिसायचा, पडल्यावर उसळताना दिसायचा. म्हैस मध्ये आली तर खेळाडू तिला वळसा घालून जायचे. घरी मी भाजी चिरताना थांबायचे, कारण बॉल रात्रभर उजव्या कोपऱ्यात तसाच पडून आहे आणि उद्या तो कोण उचलणार, हे डोक्यात असायचं.

एकदा तर खुद्द दिल्या येऊन खालच्या पायरीवर बसला. आपण काय खेळतोय ते ऐकत होता. मध्येच मान वर करून त्यानं विचारलं, "मग मी काय क्येलं?"

"तू पडलायस," बाळूअण्णा म्हणाला. "पाय मुरगाळलाय तुझा."

आणि खरंच सांगते, घरी जाताना दिल्या लंगडत गेला.

तुम्ही आलात तो दिवस मला नीट आठवतो. पहिली पाळी करून तुम्ही शिरोलीहून थेट आला होतात. फाउंड्रीच्या वाळूचा आणि तेलाचा वास. साधा शर्ट, साधी पँट. त्या पायऱ्यांवर तुम्हाला कुणी कधी बसलेलं बघितलं नव्हतं. तुम्ही सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसलात आणि खालचा सगळा आवाज बंद झाला. मला वाटलं, आता काहीतरी भलतंसलतं होणार.

"दार मिळालं का न्हाय, पंच?" खालून एकानं विचारलं. टोमणा होता की चौकशी, ते कळलं नाही.

"न्हाय अजून," तुम्ही म्हणालात. "तुमी खेळा."

आणि लोक खेळायला लागले. थोड्या वेळानं तुम्ही खाली उतरलात, शेंगा घेतल्यात आणि निम्म्या शेंगा बायकांच्या कठड्यावरून माझ्या पदरात टाकल्यात. सगळ्या स्टँडासमोर. मला इतकं बरं वाटलं की मी त्या शेंगा कितीतरी वेळ फोडल्याच नाहीत.

मग तुम्ही रोज यायला लागलात. संप होता, मॅच नव्हती, म्हणजे जावयाला अडवणारं काही नव्हतं. मैदानावरून आपण चालत आईकडं जायचो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात जावई आंब्याच्या दिवसांत आला होता. आईनं आमरस केला, आणि तुम्ही वाटीवर वाटी संपवत होतात तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. तुमच्या लक्षात आलं होतं का? तुम्ही मान खाली घालून जेवत होतात.

त्या जेवणातच आपलं भांडण झालं. मी म्हणाले, "दाजी, ताडपत्री वढली एकानं आणि सजा आमाला सगळ्यास्नी?"

तुम्ही हात धुतलेत, पुसलेत, आणि मग बोललात. "सुमे, कारखान्यात संप क्येला तर मालक कोण ते ठाव असतंय. त्येच्या दारात बसता येतंय. हितं आमचा मालक कोण? असोसिएशन? ते तर म्हणत्यात पब्लिक सांगंल तसं. पब्लिक म्हंजी कोण, तर तू. मग आमी कुणाच्या दारात बसायचं?"

"म्हणून आमच्या शेजारी येऊन बसलासा व्हय?"

"व्हय की," तुम्ही म्हणालात, आणि हसलात.

मी आणखी भांडले. म्हणाले, तुम्हाला खेळापेक्षा तुमचा मान मोठा. तुम्ही म्हणालात, "मान न्हाय गं. मला फक्त कपडे बदलताना कुणी बघू नये असं वाटतंय. एवढंच." आई आत भांडी आपटायला लागली, म्हणजे आता गप्प बसा. ते भांडण तिथंच राहिलं. आपण ते नंतरही अधूनमधून काढायचो आणि अर्धवट सोडायचो. आता मला वाटतं, त्यात बरोबर तुमचंच होतं. पण तुम्ही समोर असतात तर मी हे कबूल केलं नसतं, हेही तितकंच खरं.

आणि मग तो गोल. तोंडानं खेळायची ती मॅच संपतच नव्हती, कारण शिट्टी मारणारं कोणी नव्हतं. बरोबरीत चालली होती. तोवर आम्हा बायकांनाही आवाज फुटला होता. त्या दिवशी आमच्या हाफनं बॉल पुढं ढकलला आणि पुढं काय, हे कुणाला सुचेना. मी उभी राहिले. कशी राहिले कोण जाणे. मी म्हणाले, "दिल्यानं घ्येतला. उजव्या पायावर. गोलकीपर म्होरं आलाय. डोक्यावरनं टाकला. गोल!"

गोल मी मारला, दाजी. त्या मांडवातल्या दोघांना हेही माहीत नाही.

आमची बाजू नाचायला लागली. बाळूअण्णा ताडकन उठला. "ऑफसाइड! ऑफसाइड हाय त्यो!" दोन्हीकडून आरडाओरडा, खऱ्या मॅचसारखा. आणि मग हळूहळू सगळ्या माना वर वळल्या. वरच्या पायरीवर तुम्ही. म्हशीनंसुद्धा मान वर केली असं मी म्हणेन आणि तुम्ही म्हणाल, खोटं कशाला सांगतीस.

तुम्ही उठलात. पँटची धूळ झाडलीत. "मी संपावर हाय," म्हणालात.

"आवो, शिट्टी नगा मारू. फकस्त व्हय का न्हाय सांगा," बाळूअण्णा अक्षरशः गयावया करत होता.

"सांगितलं म्हंजी काम सुरू झालं की अण्णा. आज न्हाय."

काही हसले, काहींनी शिव्या घातल्या, आणि मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. माझा गोल होता तो. आयुष्यात एकदाच मारलेला. तुमच्या मनात काय होतं ते तुमच्या तोंडावर दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. नंतर मी किती वर्षं विचारलं! संप मिटला, आता सांगा. दिवाळीत विचारलं, पोरांच्या मुंजी-लग्नात विचारलं, दवाखान्यात तुमच्या गुडघ्याला पट्टी बांधताना विचारलं. तुमचं एकच उत्तर: "त्या दिवशी मी कामावर नव्हतो, मेव्हणीबाई."

संप मिटला तो पावसाच्या तोंडावर. असोसिएशननं खोलीचं कबूल केलं. दोन्ही तालमींची जाणती माणसं तुमच्या घरी येऊन गेली, बसली, चहा घेतला, "झालं ते वंगाळ झालं" म्हणाली. आपल्याकडं यापेक्षा जास्त माफी कुणी मागत नाही. पण मैदानात पाणी साचायला लागलं होतं. त्या वर्षीची फायनल रद्द झाली आणि पुढच्या हंगामात नवी स्पर्धा सुरू झाली. लोकांना काहीतरी आठवायला हवं होतं, म्हणून त्यांनी आपली तोंडी फायनल आठवली. वर्षं गेली तशी ती खरी होत गेली. मलासुद्धा कधीकधी दिल्याच्या बुटाला लागलेला चिखल आठवतो, आणि मग लक्षात येतं, चिखल कुठला, मॅच कुठली.

पण नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक संध्याकाळ होती. अक्कानं ठरवून टाकलं होतं, आता पुरं. ती तुम्हाला म्हणाली, "खोली दिऊ देत न्हायतर बंगला दिऊ देत. परत त्या माणसांम्होरं जायाचं न्हाय. मी सांगतो." ताडपत्रीच्या दिवसापासून ती नीट जेवत नव्हती. आईकडून निघताना मी तुम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आले, आणि तुम्ही चप्पल घालता घालता विचारलंत, "सुमे, तू सांग. जाऊ का परत?"

मी म्हणाले, "मला कशाला इचारता?"

"तू त्या बाजूला बसतीस. तिथनं कसं दिसतंय ते तुलाच ठाव. तू म्हणशील तसं."

तुम्ही थट्टा करत नव्हतात. तुमचं वय तेव्हा काही फार नव्हतं, पण जिन्यातल्या त्या उजेडात तुम्ही दमलेले दिसलात. मी म्हणाले, "जावा की. तुमच्याबिगर कोण हाय ग्राउंडात?" तुम्ही मान हलवलीत आणि उतरून गेलात. अक्काला हे कळलं तेव्हा ती माझ्याशी कितीतरी दिवस तुटक वागली.

दिवाळीनंतर झेंडा चढला. पहिल्याच मॅचला तुम्ही नव्या खोलीचं दार उघडून बाहेर आलात, काळ्या कपड्यांत. मला वाटलं, लोक उभे राहतील, टाळ्या वाजवतील. कसलं काय. पहिल्याच थ्रोला बाळूअण्णानं तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि पुढच्याला मी केला. तुम्ही मान वळवली नाहीत. तुमचं ते ताठ चालणं, तो हात वर करणं, सगळं जसंच्या तसं होतं. मी खूष होते. खरंच होते. घरी येऊन मात्र मला काही गोड लागेना.

पुढं तुम्ही बरीच वर्षं शिट्टी फुंकलीत. तुमच्या हाताखाली शिकलेले पंच आज मैदानात आहेत आणि ते खोलीत, दार लावून कपडे बदलतात. ते तुमच्यामुळं झालं, आणि पिंपळ तालमीची म्हणूनसुद्धा मी ते मानते. दर पावसाळ्यात तुम्ही म्हणायचात, "आता सोडतो. पुढच्या वर्षापासनं तुमच्यात बसतो." आणि दर दिवाळीला काळे कपडे धुऊन वाळत पडायचे. ह्या उन्हाळ्यात मात्र गुडघ्यानं ऐकलं नाही. तुम्ही शेवटची मॅच केलीत, असोसिएशनला सांगून आलात, आणि मला म्हणालात, "दिवाळी झाली की पहिल्या मॅचला तुझ्या शेजारी. शेंगा तू घ्यायच्या." दसरा झाला आणि त्याच आठवड्यात कारखान्यातून अक्काला फोन आला.

बघा, मला तुमच्याशी भांडायचंच आहे. अख्खं आयुष्य तुम्ही कठड्याच्या पलीकडं काढलंत आणि अलीकडं यायची वेळ आली तेव्हा गेलात. मी चिडलेय. अक्का रडते, मी चिडते, आमच्या दोघींचं असंच. काल तुमच्या कपाटातले कपडे आवरताना ती म्हणाली, "एकच वर्ष ते माहेरला नीट आल्यात गं. संपाचं." मी म्हणाले, व्हय.

दाजी, संप मिटला म्हणून सगळ्या पेठेनं साखर वाटली त्या दिवशी मी एकटीच घरात बसून होते. डोकं दुखतंय म्हणाले. सगळं गाव खेळ सुरू होण्याची वाट बघत होतं, मीही बघत होते, आणि तरीही मला वाटत होतं की हा संप आणखी थोडा चालावा. मैदान रिकामं राहावं, म्हैस चरत राहावी, आणि तुम्ही वरच्या पायरीवरून खाली उतरून यावं. माझ्यासारखी फुटबॉलवेडी बाई असं म्हणते हे कुणाला पटलं नसतं, म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

जिन्यात मी जे बोलले ते खोटं नव्हतं. मैदानाला तुम्ही हवे होतात. पण तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या ओठांवर आधी दुसरं आलं होतं. नका जाऊ दाजी, आमच्यातच ऱ्हावा, असं. मी ते म्हणाले असते तर तुम्ही राहिला असतात. एका शब्दावर राहिला असतात, आणि जन्मभर उन्हाळ्यात मैदानाकडं पाठ करून बसला असतात. ते मला तुमच्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणूनच म्हणाले नाही.